शिवेवर नाव घेत नाहीत

मोठेमाय,

भेव लागून राहिलं आहे. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण तुझा फोन आला की तूही आधी तेच विचारायचीस. जेवलीस का, पगार झाला का, हे सगळं नंतर. "काय व वंदे, सध्या कायचं भेव हाये?" शेजारणीनं शेजारणीला विचारावं, आज भाजी कायची, तसं.

तर सांगते. लगेच सांगते, नाहीतर दुसऱ्याच गोष्टी सांगत बसेन आणि हीच राहील. माझ्या डाव्या छातीत गाठ आहे. बोराएवढी. दुखत नाही. उन्हाळा सरता सरता आंघोळ करताना हाताला लागली, आणि तेव्हापासून आंघोळ करताना मी तो हात दुसरीकडेच नेते. तेवढ्या जागेला साबण लागत नाही.

हे तुला सांगायचं राहिलं. आणि तुझं तू मला सांगायचं राहिलं. मधे आपला एक फोन झाला होता. त्या फोनाकडे मला यायचं आहे, पण सरळ जाता येत नाही. आधी गावातून जावं लागेल.

आठवीनंतर शाळा सुटलेल्या पोरीनं लिहायचं म्हणजे अक्षर तेवढं गोल येतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पुस्तकासारखं काहून लिवते व? माह्यासंग बोलून राहिली का मास्तरसंग?" तुझ्याशीच बोलते आहे. पण नुसतं बोलायला गेले की भलतंच बोलून मोकळी होते, म्हणून लिहिते.

गावात तुला नाव नव्हतं. सुभद्रा हे तुझं नाव मला बरंच मोठं झाल्यावर कळलं. साऱ्या गावासाठी तू एकोडीवाली. तिकडं साकोलीकडच्या एकोडीहून दिघोरीच्या पुढं आमच्या गावात बैलगाडीत बसून आलेली, माझ्या बापाच्या मोठ्या भावाची बायको. माझ्यासाठी मोठीमाय. परगावची ती परगावचीच, असं नावातच सांगून ठेवतात आपल्याकडे. आणि तरी गावाचं जे काही मागचं-पुढचं होतं ते तुझ्याजवळ होतं. इथल्याच जन्माच्या बाया तुला विचारायला यायच्या, "एकोडीवाले, आमच्या घरी वीज पडली ते कोन्तं साल व?"

तुझी सालंही वेगळी. "वाघाचं साल." "तलावाची पाळ फुटली ते साल." "चुलबंद नदीचं पानी गावाच्या आखरावर आलं ते साल." "खोकल्याचं साल", आणि मग "मोठ्या खोकल्याचं साल", म्हणजे सगळ्यांनी तोंडं बांधली होती ते. गावात कधी काय चांगलं झालं हे तुला सांगता यायचं नाही असं नाही. पण तू मोजायचीस भेवानं. मी एकदा म्हटलं होतं, मोठेमाय, शाळा आली ते साल, लाईन आली ते साल, असं काहून नाही सांगत? तू म्हणालीस, "लाईन आली तं कोन कोनाच्या घरी गेलं होतं व? आपापल्या घरी बलब पाहत बसले सारे. पाळ फुटली तवा सारं गाव एका जागी उभं होतं."

तुझ्याकडे ही मोजणी आली ती मारबोदीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य निघायच्या आत, तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, बाई करून, तिला जुनं लुगडं नेसवून गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायची आणि ओरडायचं: हे घेऊन जाय, ते घेऊन जाय. गावोगावी करतात. डास, ढेकूण, खोकला, ताप, सगळं तिच्याबरोबर जावं म्हणून. पण आपल्या गावात त्याला एक जोड होती. पोळ्याच्या आदल्या दिवसापासून एक बाई घरोघरी जायची आणि प्रत्येक घरच्या बाईला विचारायची, यंदा कायचं भेव? सांगितलेलं सगळं ती लक्षात ठेवायची आणि शिवेवर उभी राहून एकेक ओरडायची. बाकीच्या बाया मागून म्हणायच्या, "घेऊन जाय गे मारबोद!"

नियम एकच. भेव ओरडायचं, नाव नाही घ्यायचं. आणि कुणी विचारायचं नाही, हे कोणाचं.

तुझ्या आधी हे काम तुझ्या सासूकडे होतं. तू नवी नवरी होतीस, तोंड पदरात. सासूनं सगळ्या बायांदेखत गंमत म्हणून विचारलं, "तुह्यं काय व नवरीबाई?" आणि तू खाली मान घालून म्हणालीस, "मले या गावाचं भेव लागते." बाया इतक्या हसल्या म्हणे की एकीच्या हातचा पळसाचा मेढा, दाराला लावायची फांदी, चिखलात पडला. पण दुसऱ्या दिवशी शिवेवर तुझी सासू हसली नाही. सगळ्यांच्या आधी तुझंच ओरडली: "आपल्या गावाचं भेव!" आणि साऱ्या गावाला म्हणावं लागलं, घेऊन जाय गे मारबोद. हे सांगताना दरवेळी तुझे दात दिसायचे. "आख्ख्या गावानं आपल्याच नावानं बोंब मारली व, माह्यासाठी."

सासूच्याही आधीची गोष्ट तू क्वचित सांगायचीस. तेव्हा तणसाची बाई गावच्या बाया नेत नसत. ती पलीकडच्या मोहल्ल्यातल्या माणसाच्या डोक्यावर द्यायचे. गावाची घाण, गावचा रोग, सगळं त्याच्या डोक्यावर, वरून आरडाओरड. मग बाबासाहेबांनी दीक्षा दिली, आणि त्यानंतरच्या पोळ्याला त्याच मोहल्ल्यातल्या, तुझ्या शेतशेजारच्या शांताबाईच्या आजेसासऱ्यानं ती बाई आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागी, ठेवली आणि म्हणाला, तुमचं तुम्ही न्या. गावात भांडण पेटलं, बोलचाल बंद झाली. तणसाची बाई पावसात भिजत तिथंच सडली. पुढच्या सालीही कुणी हात लावेना. शेवटी बायांनीच उचलली. तू म्हणायचीस, "त्यायनं बरं केलं. आपलं भेव दुसऱ्याच्या डोक्यावर काहून?" आणि त्यानंतरच हे घरोघरी विचारणं सुरू झालं. आता प्रत्येकीनं आपलं आपण सांगायचं, आपल्या पायानं शिवेवर जायचं.

शांताबाई शिवेवर कधी आली नाही. विहाराजवळ तिचं घर, तुमच्या दोघींची धानाची बांधी धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून. "मी मानत नाही अशातलं काही," ती म्हणायची, आणि पोळ्याच्या आधी बरोबर धुऱ्यावर येऊन बसायची. "मी मानत नाही, पन आयकून तं घे." मी लहान असताना ऐकलं आहे. तू म्हणायचीस, "मानत नाही तं सांगते काहून?" ती म्हणायची, "सांगू कोनाले मंग? म्हशीले?"

मी स्वतः पहिल्यांदा भेव सांगितलं ते वाघाच्या सालात. मोह वेचायला गेलेली बाई परत आली नाही ते साल. आठवीच्या पुढची शाळा दुसऱ्या गावात, रस्ता जंगलाला लागून. बापानं अजून काही म्हटलं नव्हतं, पण घरात सगळे माझ्या दप्तराकडे पाहत होते. तू विचारलंस, मी म्हटलं, "शाळा सुटन." तू शिवेवर वाघाचं नाव आधी घेतलं नाहीस. आधी ओरडलीस, "पोट्टीची शाळा सुटन, हे भेव!" त्यानंतर वाघ.

शाळा सुटलीच. तू महिनाभर काठी घेऊन माझ्याबरोबर शाळेपर्यंत चाललीस, परत आलीस, संध्याकाळी पुन्हा निघालीस. मग तुझा गुडघा सुजला आणि बापानं दप्तर आढ्याला टांगलं. मी तुझ्यावरच ओरडले. वाघ तिथंच आहे, शाळा गेली, मग तुझ्या मारबोदीनं नेलं काय? तू गुडघ्याला रुईचं पान बांधत होतीस.

"नेत नाई व ते काहीच," तू म्हणालीस. "तणसाची बाई ते. काय नेते? पन गावाले मालूम पडते. मंग हातानं करा लागते."

मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही, आताही पूर्ण पटलेलं नाही. आपला तो वाद तसाच आहे. पण एवढं खरं की डासांचं ओरडल्यावर तू त्याच दिवशी फावडं घेऊन नाली काढायला बसायचीस. आणि एका सालचं मला आठवतं. तू ओरडली होतीस, "घरातल्याच मानसाचं भेव!" बायांनी एकमेकींकडे पाहिलं, मग म्हणाल्या, घेऊन जाय. कुणी विचारलं नाही, कोणाचं. पण दुसऱ्या दिवसापासून गावातली एक सून विहिरीवर, शेतावर, कुठंच एकटी दिसली नाही. कुणी ना कुणी तिच्याबरोबर. तिच्या दिराला पाणी द्यायलाही दोघी जायच्या. एक शब्द न बोलता गावानं ते केलं. नाव घेतलं असतं तर तिलाच बाहेर काढलं असतं. म्हणून मला वाटायचं, हा नियम शहाणा आहे. अजूनही वाटतं. म्हणून तर जास्त भेव लागतं.

मी इकडे दक्षिणेत तिरुपूरला आले तेव्हा साकोलीच्या बस स्टँडवर तू आली होतीस. लाखोळीच्या डाळीची पुरचुंडी माझ्या मांडीवर ठेवलीस. मी रडत होते. मला बसचं भेव होतं, गाडीचं होतं, न समजणाऱ्या भाषेचं होतं, कपड्याच्या कारखान्याचं होतं. खिडकीतून हात घालून तू माझी वेणी ओढलीस. "मी बैलगाडीत बसून आली होती, तू बसमधी बसून जाऊन राहिली. तेवढाच फरक. पोचली का सांगजो."

त्यानंतर दर पोळ्याला तू फोन करायचीस, आणि दुसऱ्या सकाळी माझ्या मायच्या हातात फोन देऊन शिवेवर आवाज मोठा करून ठेवायला लावायचीस. मी होस्टेलच्या गॅलरीत उभी राहून ऐकायचे. माझं एकेक भेव तिथं गेलं आहे. लिफ्टचं गेलं. सुपरवायजरच्या शिट्टीचं गेलं. एकदा मी म्हटलं, इथं मेले तर कुणाला कळेल, तेही तू ओरडलीस, आणि त्याच आठवड्यात मायकडून माझ्या खोलीतल्या सस्मिताचा नंबर मागून घेतलास. ओडिशाची ती, तुला तिची भाषा येत नाही, तिला तुझी नाही. तरी तू तिला फोन करून म्हणालीस, "बेटी, हमारी पोट्टी को देखना." ती अजून हसते त्यावर.

आता गेल्या सालच्या पोळ्याचं.

गेल्या पोळ्याला मी गॅलरीत होते, फोन कानाला. तू ओरडत होतीस. धानावरच्या किडीचं. रात्री फिरणाऱ्या रानडुकरांचं. पोरगं दारू शिकलं त्याचं. आणि मग, आवाज जराही न बदलता, "बाईच्या छातीतली गाठ!"

बायांत कुजबुज झाली. इतकं उघडं कुणी कधी सांगितलं नव्हतं. मग म्हणाल्या, "घेऊन जाय गे मारबोद." मीही इकडे हळूच म्हटलं. मला तेव्हा कसलीच गाठ नव्हती. मला वाटलं, बिचारी कोण असेल.

गावालाही तेच वाटलं. विचारायचं नाही, पण ओळखायचं तर असतं. बायांनी डोकी लढवली. कुंभाराची सून त्या महिन्यांत वाळत चालली होती, जेवण टिकत नव्हतं. ठरलं, तीच. झालं, गावानं नेहमीसारखं बिनबोलता काम सुरू केलं. तिच्या घरी अंडी जाऊ लागली, दही जाऊ लागलं, तिच्या वाट्याचं निंदण दुसऱ्याच उरकू लागल्या. तिला काही कळेना आपण इतक्या लाडक्या कधीपासून झालो. पुढं ती पोटुशी निघाली. मायनं फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. सगळं गाव हसलं, आणि हसण्यात गाठ विसरून गेलं. बाळ आलं म्हणजे गाठ नव्हतीच, असं काहीतरी सगळ्यांनी धरून घेतलं.

माय म्हणते, त्या सुनेकडे अंडी घेऊन जाणाऱ्यांत तूही होतीस. सगळ्यांत जास्त तूच. "एकोडीवालीनं आपली कोंबडी देल्ली वो तिले."

मोठेमाय, तू अंडी नेत होतीस.

आता तो फोन. आषाढ लागला होता. माझी गाठ मला सापडून झाली होती. झोप उडाली होती. मी कुणाला सांगितलं नाही, पण मला ती गेल्या पोळ्याची हाक आठवली. म्हणजे गावात कुणीतरी आहे. तिला साल होत आलं. तिचं काय झालं हे कळलं तर माझं काय होईल ते कळेल. एवढंच मनात घेऊन मी तुला फोन केला. इकडचं तिकडचं बोलले आणि मग, नियम मोडते आहे हे माहीत असूनही, विचारलं.

"मोठेमाय, गेल्या साली तू गाठीचं ओरडली होतीस ना. ते बाई बरी आहे का?"

मागे कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता.

"हाये ना," तू म्हणालीस. "धानाचा रोवणा करून राहिली."

"बरी आहे?"

"पान्यात उभी हाये मंग, वाकून. बरी नाई तं काय?" मग तू विचारलंस, "तू काहून विचारते?"

"असंच," मी म्हटलं.

"कायचं भेव हाये का वंदे?"

"नवा सुपरवायजर आला आहे. ओरडतो."

"ओरडू दे. तुह्यं काम तू कर."

फोन ठेवला. मोठेमाय, त्या दिवशी मी किती पोटभर जेवले, तुला सांगू? ती बाई रोवणा करते आहे. साल झालं, आणि ती पाण्यात वाकून उभी आहे. म्हणजे गाठ ही काही मरणाची गोष्ट नाही. असते बायांना. मी दवाखान्याचा विचार सोडून दिला. महिनाभर मी त्या पाण्यात उभ्या बाईच्या भरवशावर राहिले.

तू खोटं बोलली नाहीस. तू खरंच रोवणा करत होतीस. मायनं नंतर सांगितलं, त्या दिवसांत तू दुसऱ्यांच्या बांध्यांतही गेलीस, दिवस भरून. संध्याकाळी एक हात वर उचलत नव्हता तर म्हणायचीस, रोवण्यानं खांदा धरला.

पंधरवडाभर अंथरुणावर पडलीस. घरचे म्हणाले कावीळ. मग मायचा फोन आला, मी धागे कापत होते, कात्री हातातच राहिली. निघाले असते तरी पोचेपर्यंत तुझी राख निवली असती. सगळे म्हणाले, नको येऊस. मी आले नाही.

दुसऱ्या दिवशी मायचा पुन्हा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती. तुला आंघोळ घालायला घेतली तेव्हा मायनं आणि शांताबाईनं तुझं पोलकं सोडलं. आत फडकं बांधलेलं होतं, घट्ट, चिकटलेलं. कोमट पाणी ओतून ओतून सोडवावं लागलं. माय एवढंच म्हणाली, "एका खोलीत निजत होतो वो आमी दोघी. एका खोलीत." शांताबाई तिथंच भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "आपून साऱ्या सूनबाईले अंडी खाऊ घालत होतो."

त्या फोननंतर मला तुझा राग आला. अजून आहे. घरोघरी जाऊन विचारायचीस तू, मग तुला विचारणारं कोण होतं? मी एकदा विचारलं होतं, आठवतं? "मोठेमाय, तुह्यं काय?" तर म्हणालीस, "माह्यं मी लगनाच्याच साली टाकलं." आणि मी हसले. आम्ही सगळ्या हसायचो तुझ्या बोलण्यावर, आणि तू त्या हसण्याच्या मागं जाऊन बसायचीस. तू ओरडलीस तरी. साऱ्या गावासमोर, मोठ्या आवाजात. तुझ्या हाकेत सगळं होतं, फक्त तू नव्हतीस. आम्ही नियम पाळला. असा पाळला की तुझ्या घरातल्या घरात कुणाला कळलं नाही.

मग राग उतरतो आणि नुसतं भेव उरतं. तुझं फडकं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मशीनवर पांढरं कापड आलं की मी मान वळवते.

काल पोळा झाला. मायला मी विचारलं, यंदा घरोघरी कोण गेलं? म्हणाली, कोणीच नाही. कोणाला जावंसं वाटलं नाही, कोणी दार उघडून सांगितलंही नसतं. पण तणसाची बाई बायांनी केली, सवयीनं. आज सकाळी सगळ्या शिवेवर जाऊन उभ्या राहिल्या, आणि ओरडायला कुणी नाही. मायनं फोन लावून धरला होता. मला नुसती कुजबुज ऐकू येत होती, पावसाची भुरभुर, बांगड्या.

"तू म्हन व."

"मले काय मालूम? कोनाचं काय हाये ते एकोडीवालीले मालूम."

मग एक आवाज आला जो शिवेवर कधीच नसतो. शांताबाईचा.

कुणीतरी म्हणालं, "तुमी कशा आल्या शांताबाई? तुमी तं मानत नाही."

"नाहीच मानत. तिच्यासाठी आली. काहून, रस्ता का तुह्या बापाचा हाये?" आणि मग, "फोनवर कोन हाये? वंदू का? दे इकडं. काय व पोरी, कशी हायेस?"

मी गॅलरीत उभी होते. मागे सस्मिता दात घासत होती. मी ठरवलं नव्हतं, मोठेमाय. देवाशपथ काही ठरवलं नव्हतं. मी म्हणणार होते, बरी आहे. तोंडातून निघालं, "शांताबाई, फोन वर धरा. मले ओरडायचं हाये."

तिनं धरला.

"बाईच्या छातीतली गाठ!" मी ओरडले. खाली रस्त्यावरच्या चहावाल्यानं वर पाहिलं. "ही माह्यी हाये. वंदूची. दुसऱ्या कोनाची नाही. वंदूची!"

तिकडून एक म्हातारी रागानं बोलली, "नाव नाई घ्यायचं व पोरी शिवेवर!"

"घेऊ दे," शांताबाई म्हणाली. "नाव नाही घेतलं म्हून तं ते गेली."

मग मायचा आवाज. फोनपासून दूर, मोठा, फाटका. मायला मी सांगितलं नव्हतं. तिनं साऱ्या गावाबरोबर ऐकलं. ती "घेऊन जाय" म्हणाली नाही. नुसती "माह्यी वंदू, माह्यी वंदू" म्हणत होती. बाकीच्या बायांनी म्हटलं. आधी एक-दोघींनी, मग सगळ्यांनी. मला वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटलं. मी तिथंच गॅलरीत खाली बसले.

आणि मग शांताबाई स्वतः ओरडली. तिचा घसा तुझ्यासारखा नाही, बारीक आहे. "एकोडीवालीचं भेव! गेल्या सालचं! आमाले समजलं नाही ते!" त्याच्यामागून बाया काय म्हणाल्या ते मला नीट ऐकू आलं नाही. पुष्कळ जणी रडत होत्या. पण एकीचा आवाज फोनच्या अगदी जवळून आला. कुणाचा ते मी ओळखला, इथं लिहीत नाही, तिनं स्वतः सांगेपर्यंत. ती हळूच शांताबाईला म्हणाली, "माह्यंबी पाहून घेशीन का व, घरी चल."

मग माय फोनवर आली. "घरी ये वंदे. आत्ता निघ."

शांताबाईनं फोन हिसकावून घेतला. "येऊन काय करते? येथून तुले घेऊन पुन्हा दवाखानेच हिंडा लागन. तेथी हायेत ना मोठे दवाखाने? आज जाय."

"आज सुट्टी नाही."

"मंग उद्या."

"शांताबाई, मले भेव लागते."

"तं लागू दे. भेव घेऊन जाय. ते का गाडीत जागा मांगते?"

हे तूच बोललीस असं वाटलं मला. मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "तिचंच हाये. मले साकोलीले डोळ्याच्या आपरेशनले नेलं तवा म्हने." आणि रडायला लागली, आणि म्हणाली, मी हे असलं काही मानत नाही.

मी उठले तेव्हा सस्मिता तोंडात ब्रश धरून तशीच उभी होती. तिला मराठी येत नाही, पण हाताचा पंजा मी छातीवर ठेवला होता, ते तिनं पाहिलं होतं. "दीदी, कितने दिन से?" मी सांगितलं. तिनं शिवी दिली, तिच्या भाषेत. मग म्हणाली, कल मैं साथ चलूँगी, आधा दिन कट जाएगा तो कट जाएगा.

आता संध्याकाळ आहे. खोलीत भात शिजतो आहे. तू पाठवत राहिलीस त्या लाखोळीच्या डाळीची शेवटची मूठ होती, ती आज शिजायला टाकली. माय दर घटकेला फोन करते आणि काही बोलत नाही, मी आहे की नाही ते ऐकते आणि ठेवते. तिच्यामागे दुसऱ्या बायांचे आवाज असतात. तिला एकटी सोडत नाहीत, बहुतेक शांताबाईनं नेमून दिलं असावं. म्हणजे गाव आपलं काम करतं आहे. या खेपेला बरोबर घरी.

गाठ तिथंच आहे. शिवेवर ओरडल्यानं ती बोराची बाजरी झाली नाही, मी आत्ताच पाहिलं. साबण लावून पाहिलं, मोठेमाय, पहिल्यांदा. उद्या काय सांगतील मला माहीत नाही. काहीही सांगू शकतात. तुझं ते फडकं अजून डोळ्यांसमोर आहे, आणि ते माझंही असू शकतं.

सस्मिता म्हणते, दवाखान्याच्या खिडकीवर आधी दुसरं काही विचारत नाहीत, काय होतं तेही नाही. पहिल्यांदा नाव विचारतात.

सांगीन.